गर्भातील व्यंग आणि आईवरील ठपका

एखाद्या घरात व्यंग असलेले मूल जन्मास आले, म्हणजे त्या मुलाचे पुढे कसे होणार याआधी दुसराच एक प्रश्न उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहतो. गरोदरपणी हिने काय केले असेल? हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही. तथापि बारशास जमलेल्या मंडळींच्या नजरेत तो असतो, सासरच्या माणसांच्या अबोल्यात असतो, आणि पुष्कळदा त्या बाळंतिणीच्या स्वतःच्याच मनात रात्रंदिवस घोळत असतो. ग्रहणात विळीला हात लावला होता काय, तिन्हीसांजेस एकटी विहिरीवर गेली होती काय, एखादा डोहाळा पुरवावयाचा राहिला काय, अशी चौकशी सुरू होते आणि फिरून फिरून ती आईपाशीच येऊन थांबते. बाप या चौकशीत सहसा सापडत नाही. माझे वडील देवळातील पूजा करतात. शांतीविषयी विचारावयास आलेली कुटुंबे आमच्या ओसरीवर बसलेली मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यांत बोलणारा बहुधा सासरा किंवा दीर असतो, आणि जिच्याविषयी बोलणे चालले आहे ती पदर सावरून खांबाआड बसलेली असते.

ग्रहणाने ओठ फाटत नाही हे आता शाळकरी मुलासही ठाऊक आहे, आणि तेवढे सांगितले की विषय मिटला असे पुष्कळ सुशिक्षितांस वाटते. मला तसे वाटत नाही. गेल्या शंभर वर्षांतील वैद्यकाने एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली आहे, ती ही की, आईच्या शरीरास जे होते त्याचा परिणाम गर्भाच्या घडणीवर खरोखरीच होऊ शकतो. जुनी समजूत कारण चुकीचे सांगत होती. परंतु वाट आईच्या शरीरातून जाते हे तिचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. त्यामुळे प्रश्न सुटण्याऐवजी अधिकच अवघड होतो. परिणाम आईच्या शरीरातून झाला हे खरे असेल, तर दोषही तिचाच मानावयाचा काय? या प्रश्नाचा विचार करू लागण्यापूर्वी शास्त्रज्ञांस काय आढळले ते नीट पाहिले पाहिजे.

१९४१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात नॉर्मन ग्रेग नावाचे एक नेत्रवैद्य होते. त्यांच्याकडे जन्मतःच डोळ्यांत मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागून एक येऊ लागली. म्हातारपणी होणारा मोतीबिंदू सर्वांच्या परिचयाचा. पण पाळण्यातील मुलाच्या डोळ्यांचे भिंग पांढरे पडलेले, आणि तेही एकाच शहरात इतक्या मुलांचे, हे त्यांस चमत्कारिक वाटले. त्यांच्या दवाखान्यात ताटकळत बसलेल्या आया आपसांत बोलत असता, गरोदरपणी आपणांस जर्मन गोवर आला होता असे एकीने दुसरीस सांगितलेले त्यांच्या कानी पडले, अशी हकिकत सांगतात. ग्रेग यांनी हा धागा सोडला नाही. इतर नेत्रवैद्यांकडूनही त्यांनी माहिती मागविली आणि एकूण ७८ मुलांची हकिकत जमा केली. त्यांपैकी ६८ मुलांच्या आयांस गरोदरपणी जर्मन गोवर, ज्यास आता सर्वत्र रुबेला म्हणतात तो, येऊन गेला होता. बहुतेकींस तो अगदी सुरुवातीच्या दिवसांत आला होता, कित्येकींस तर दिवस गेल्याची खात्री होण्याच्याही आधी. यांतील पुष्कळ मुलांच्या हृदयातही दोष होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात ग्रेग यांनी आपला निबंध मेलबर्न येथे वाचला.

त्यावर विद्वानांचा विश्वास लगेच बसला नाही. ‘लॅन्सेट’ या लंडनच्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाने १९४४ साली, ग्रेग यांचे म्हणणे अद्याप सिद्ध झालेले नाही, असाच अभिप्राय दिला. याचे कारण समजण्यासारखे आहे. गर्भ हा वारेच्या आड सुरक्षित असतो, आणि व्यंग आले तर ते रक्ताबरोबर, म्हणजे कुळातून येते, अशी त्या काळच्या वैद्यांची पक्की धारणा होती. शिवाय रुबेला हा रोग तरी किती क्षुल्लक! दोन-तीन दिवस बारीक ताप, अंगावर फिकट पुरळ, मानेमागे थोड्या गाठी. कित्येकांस तो आल्याचे कळतही नाही. इतक्या हलक्या दुखण्याने जन्माचे अंधत्व येते हे कोणास पटावे? पण पुढे स्वान इत्यादी ऑस्ट्रेलियन वैद्यांनी ग्रेग यांच्या निष्कर्षास दुजोरा दिला. १९५१ साली लँकॅस्टर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणनांची पाने चाळून दाखविले की, १८९९ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांत बहिरेपणाचे प्रमाण विलक्षण वाढलेले होते, आणि त्या सुमारास तेथे रुबेलाची साथ होती. पन्नास वर्षे ते आकडे कागदावर तसेच पडून होते. त्या बहिऱ्या मुलांच्या आयांनी त्या पन्नास वर्षांत स्वतःस काय काय बोल लावून घेतले असतील, याची नोंद अर्थातच कोणत्याही जनगणनेत नाही.

हा रोग गर्भास कसा बाधतो हेही आता बरेच स्पष्ट झाले आहे. १९६२ साली रुबेलाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला. आईच्या रक्तातून तो वारेत शिरतो आणि तेथून गर्भाच्या पेशींत. पहिल्या बारा आठवड्यांत आईस रुबेला झाला, तर शंभरांतील ऐंशीहून अधिक गर्भांपर्यंत तो पोहोचतो. बाधलेल्या पेशींचे विभाजन मंदावते. बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा होते. आणि जी ऊती त्या आठवड्यात घडत असते तिची घडण अर्धवट राहते. डोळ्याचे भिंग चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास आकार घेत असते, हृदयाचे कप्पे आठव्या आठवड्यापर्यंत वेगळे होतात, कानाच्या आतील शंखाकृती भागाची घडण त्याहून अधिक काळ चालू राहते. म्हणून एका मुलास मोतीबिंदू, दुसऱ्यास हृदयाचा विकार, आणि तिसरे केवळ बहिरे. कोणत्या आठवड्यात विषाणू आला, एवढ्यावर हा सारा भेद अवलंबून. आईच्या स्वभावाचा, शीलाचा किंवा व्रतवैकल्यांचा यात काडीइतका संबंध नाही. शेजारच्या मुलास मांडीवर घेतले, एवढेही पुरते.

आता प्रयोगशाळेकडे वळू. अमेरिकेतील टेक्सास येथे फ्रेड हेल नावाचे पशुसंशोधक होते. त्यांनी एका डुकरिणीस गाभण राहण्याच्या आधी कित्येक महिने, आणि राहिल्यावर पहिला महिनाभर, ‘अ’ जीवनसत्त्व नसलेले खाद्य दिले. तिला अकरा पिले झाली. अकराही पिलांस नेत्रगोलकच नव्हते. हे वृत्त त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. अशा जन्मांध डुकरांपासून त्यांनी पुढील संतती घेतली, मात्र या वेळी खाद्यात ‘अ’ जीवनसत्त्व पुरेसे ठेविले. आणि आंधळ्या आईबापांची ती पिले डोळस जन्मली. अंधत्व रक्तात नव्हते, कुळात नव्हते. दाण्याच्या पोत्यात होते. नंतर १९४० साली मूळचे व्हिएन्नाचे आणि तेव्हा अमेरिकेत सिनसिनाटी येथे असलेले योसेफ वार्कानी यांनी उंदरांच्या माद्यांस निकृष्ट आहार देऊन असाच प्रयोग केला. पिलांच्या हाडांत आणि टाळूत व्यंगे आली. ज्याच्या अभावी ती येत होती ते ‘ब’ वर्गातील रायबोफ्लेविन नावाचे जीवनसत्त्व, हे मागाहून ठरले.

या संशोधनाच्या मार्गात चकवेही पुष्कळ लागले. त्यांतील एक येथे सांगण्याजोगा आहे, कारण त्याचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध येतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे गायर आणि त्यांच्या सहकारी स्मिथ यांनी १९२० च्या सुमारास सशाच्या डोळ्यांचे भिंग कुटून ते कोंबड्यांस टोचले, मग त्या कोंबड्यांच्या रक्तातील द्रव गाभण सशिणींस टोचला. काही पिलांची भिंगे गढूळ निघाली, आणि हा दोष पुढील अनेक पिढ्यांत उतरतो असे त्यांनी जाहीर केले. आईच्या शरीरात एकदा काही बिघडले की सारा वंशच डागाळतो, असा त्याचा अर्थ लोकांनी काढावा यात नवल नव्हते. परंतु १९२४ साली इंग्लंडात ज्यूलियन हक्स्ली आणि कार-साँडर्स यांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा त्यांस असा परिणाम मुळीच आढळला नाही.

चुकीची समजूत शास्त्राचा पोशाख घालून आली म्हणजे ती आजीबाईच्या ग्रहणापेक्षा अधिक घातक होते. ज्या १९३३ साली हेल यांनी नेत्रहीन पिलांची हकिकत छापली, त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात जर्मनीतील नाझी सरकारने एक कायदा केला. ज्यांचे अंधत्व, बहिरेपण, अपस्मार किंवा मनोविकार आनुवंशिक आहे असे न्यायमंडळ ठरवील, त्यांच्यावर बळजबरीने शस्त्रक्रिया करून त्यांस संततीस अपात्र करावयाचे, असा तो कायदा होता. सुमारे चार लाख माणसांवर तो बजावला गेला. काही अंधत्व व काही बहिरेपण खरोखरच आनुवंशिक असते, हे मी नाकारीत नाही. पण त्या चार लाखांत अशी कितीतरी माणसे असतील की, ज्यांच्या आईस फक्त चार दिवस पुरळ उठले होते!

हे सारे दूरदेशीचे झाले असे कोणी म्हणेल. आमच्या बेळगावकडील एक गोष्ट सांगतो. एका मुलीचे स्थळ जवळजवळ ठरले होते. मुलीचा थोरला भाऊ जन्मतः बहिरा. मुलाकडील एक वडीलधारे गृहस्थ माझ्या वडिलांस एकांतात भेटले आणि पत्रिकेवर बोट ठेवून, या घराण्यात काही दोष आहे काय, असे त्यांनी विचारले. वडील म्हणाले, “मला पत्रिकेत मुलीचे ग्रह दिसतात. तिच्या भावाचे कान दिसत नाहीत.” स्थळ मोडलेच. मुलीच्या आईस त्या वेळी तिसऱ्या महिन्यात ताप येऊन अंगावर पुरळ उठले होते, ही गोष्ट ती स्वतःच बायकांत सांगत असे; पण त्यातून तिच्या मुलीस काही अपाय संभवत नाही, हे तिला किंवा त्या गृहस्थांस समजावून सांगणारे कोणी नव्हते.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार झालाच नाही असे मात्र नाही. चरकसंहितेत गर्भाच्या घडणीस कारणीभूत होणाऱ्या गोष्टींत माता व पिता यांच्याबरोबर आत्मा, मन, आहाराचा रस आणि शरीरास मानवणारे आचरण यांचीही गणना केली आहे. एकट्या आईवर सारे लादलेले नाही. आणि गर्भवतीस कसे वागवावे याविषयी तेथे जो दृष्टान्त आहे, तो काठोकाठ तेल भरलेल्या भांड्याचा. येथे लक्षात घ्यावे की, भांडे स्वतः चालत नाही. ते नेणारा सावधपणे नेतो. उपदेश नेणाऱ्यास आहे.

महाभारतात तर हा प्रश्न कथेच्या मुळाशीच आहे. अंबिकेने भयाने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र अंध जन्मला, अंबालिका फिकी पडली म्हणून पांडू पांडुरवर्ण झाला, हे आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत आणि ऐकताना मान डोलावितो. पण मागचा प्रसंग सहसा कोणी विस्ताराने सांगत नाही. व्यासांनी राण्यांस आधी वर्षभर व्रतस्थ राहू द्यावे असे सुचविले होते. राज्यास राजा नाही, थांबावयास वेळ नाही, म्हणून घाई केली ती सत्यवतीने. सिंहासन रिकामे राहिले ते सत्यवतीच्या पित्याने घातलेल्या अटीमुळे आणि तीपायी घेतलेल्या भीष्मांच्या प्रतिज्ञेमुळे. अंबिकेस तर येणारा पुरुष कोण हेही नीट ठाऊक नव्हते. भीष्म किंवा कुळातील दुसरा कोणी येईल असे समजून ती वाट पाहत होती. या सर्व थोरामोठ्यांच्या निर्णयांची साखळी एका घाबरलेल्या तरुण विधवेच्या मिटलेल्या पापण्यांपाशी आणून सोडावयाची आणि अंधत्वाचे कारण तेथे नोंदवावयाचे, हा न्याय मला कधीच पटला नाही. व्यासांसही तो अंतिम न्याय म्हणून सांगावयाचा होता असे मला वाटत नाही. कारण त्यांनीच मागचे सारे तपशील जपून ठेविले आहेत.

त्याच ग्रंथात दुसरा एक गर्भ आहे. अश्वत्थाम्याच्या अस्त्राने उत्तरेच्या उदरातील परीक्षित होरपळला आणि निष्प्राण जन्मला. तेथे उत्तरेस कोणी विचारले नाही की, बाई, तू काय केलेस? कुंती, सुभद्रा, द्रौपदी, सगळ्याजणी श्रीकृष्णापुढे पदर पसरून उभ्या राहिल्या. अस्त्र कोणाचे हे सर्वांस दिसत होते, म्हणून आईवर ठपका आला नाही. रुबेलाचा विषाणू डोळ्यांस दिसत नाही, दाण्याच्या पोत्यातील उणीव दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

यावर पूर्वकर्माचा आधार घेणारे म्हणतील की, मुलास त्याच्या मागील जन्मींचे फळ मिळाले, आणि आईस तिचे. कर्मसिद्धान्तावर माझी श्रद्धा आहे; मी त्याच घरात वाढलो आहे. परंतु दुसऱ्याच्या कर्माचे खाते वाचण्याचा अधिकार शेजाऱ्यास आहे, असे मी कोणत्याही शास्त्रात वाचलेले नाही. तो सिद्धान्त माणसाने स्वतःच्या वर्तनाकडे पाहावे म्हणून आहे. कोणी विहिरीत पडला असता, हे त्याचे प्रारब्ध, असे म्हणून दोर न सोडणारा मनुष्य कर्मवादी ठरत नाही. त्याचे ते न सोडणे हेही एक कर्मच होते आणि ते त्याच्याच खात्यावर पडते.

या विषयाचा खरा गाभा मला हेल यांच्या गोठ्यात सापडला. ती अकरा पिले आंधळी झाली, यास जबाबदार कोण? डुकरिणीच्या शरीरात उणीव होती हे खरे. पण तिच्या पुढ्यात काय पडावे हे ती ठरवीत नव्हती. ते हेल ठरवीत होते. स्वतः हेल यांनीही डुकरिणीस दोष दिला नसता, नाहीतर प्रयोगास अर्थच उरला नसता. अशा प्रत्येक प्रयोगात मादीचा आहार, मादीचा पिंजरा, मादीचा आजार दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतो. तेव्हा प्रयोगाचा निष्कर्ष माणसांस लावताना मादीच्या जागी आईस बसवून थांबणे हे अर्धेच काम झाले. हेल यांच्या जागी घरात कोण आहे, गावात कोण आहे, हेही विचारावयास हवे.

हॉलंडमध्ये याचे उत्तर कठोरपणे मिळाले. १९४४ च्या शरद ऋतूत जर्मन सैन्याने देशाच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. शहरांतील माणशी रोजचे शिधावाटप हजार उष्मांकांच्या खाली आले आणि कडाक्याच्या थंडीत त्याच्या जवळपास निम्म्यावर उतरले. त्या हिवाळ्यात पोटात असलेली मुले पुढे मोठी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी ज्यांचा गर्भवास अगदी आरंभी उपासमारीत गेला होता त्यांच्यात हृदयविकार आणि छिन्नमनस्कता हे विकार इतरांहून अधिक आढळले. २००८ साली, साठ वर्षांनंतरही, त्यांच्या पेशींतील एका जनुकावरील रासायनिक खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या असल्याचे दिसून आले. आईच्या पोटातील भूक साठ वर्षे शरीरात राहिली. पण अन्न कोणी तोडले हे इतिहासात लिहिलेले असल्यामुळे त्या आयांकडे बोट दाखविण्याचे धाडस कोणी करीत नाही.

आपल्या पुण्याचे उदाहरण याहून जवळचे आहे, आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात मुलांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडातील मुलांचे ३.५ किलो. परंतु वजन कमी असूनही या मुलांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी नव्हती; उणे होते ते मांस. दिसावयास बारीक आणि आतून स्थूल अशी ही मुले पुढे मधुमेहाच्या वाटेवर लवकर येतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या आयांस दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा मिळत, त्यांची मुले अंगाने भरलेली होती. ज्यांस गरोदरपणीही शेतात व घरी जड कष्ट करावे लागत, त्यांची लहान. बहुतेक आयांच्या रक्तात ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचाही तुटवडा होता. आता या खेड्यांत हेल यांच्या जागी कोण? दूध डेअरीवर घालणारा, भाजी बाजारात नेणारा, पंगतीत आधी बसणारा, आणि सुनेने शेवटी जेवावे हे वळण म्हणून शिकविणारा. यात कोणी दुष्ट नाही. सासूनेही त्याच रीतीने दिवस काढलेले असतात.

अशा संशोधनाचा दुसरा धोका असा की, जुन्या ठपक्यास नवी भाषा मिळते. पूर्वी विळी होती, आता पथ्याचे छापील तक्ते आले. वर्तमानपत्रांत मथळे येतात की, आईच्या चिंतेने मूल अमुक होते, आईच्या वजनाने तमुक. २०१४ साली हार्वर्ड येथील सेरा रिचर्डसन आणि इतर काही संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयी जाहीर इशारा दिला, की अशा निष्कर्षांवरून आयांस धारेवर धरू नका; बापाचा, घरादाराचा आणि समाजाचा वाटाही तपासा. शास्त्रज्ञांस हे सांगावे लागले, यावरून परिस्थितीची कल्पना येते.

मग आईवर काहीच कर्तव्य नाही काय? आहे. आपल्याकडील कित्येक बायका गरोदरपणीही मिश्री लावतात. तंबाखूने मुलाचे वजन घटते हे माहीत झाल्यावर ती सोडणे हे तिचे काम आहे. मात्र जे आधी सांगावयाचे ते कर्तव्य, आणि जे झाल्यावर तोंडावर फेकावयाचे तो ठपका, या दोहोंत मोठे अंतर आहे. कर्तव्य सांगताना साहाय्याचा हात बरोबर द्यावा लागतो. ठपक्यास काहीच खर्च येत नाही, आणि म्हणूनच तो इतका स्वस्त झाला आहे.

साहाय्याचा हात म्हणजे काय, हे रुबेलाच्याच इतिहासावरून दिसते. १९६४-६५ साली अमेरिकेत या रोगाची प्रचंड साथ आली. सुमारे सव्वा कोटी लोकांस तो झाला आणि सुमारे वीस हजार मुले व्यंग घेऊन जन्मली. १९६९ साली लस निघाली. तेव्हा एक मोठा नैतिक प्रश्न उभा राहिला. रुबेलाने मुलग्यास फारसा त्रास होत नाही आणि त्याच्या पोटी गर्भ वाढत नाही. मग त्यास सुई का टोचावी? ब्रिटनने १९७० पासून केवळ शाळकरी मुलींस लस दिली: जिच्या पोटी मूल येणार तिनेच स्वतःचे रक्षण करावे. अमेरिकेने मुलगे आणि मुली दोघांसही दिली: रोगाचा फैलावच थांबला पाहिजे, आणि फैलाव मुलग्यांकडूनही होतो. ब्रिटिश पद्धतीत ज्या मुली काही कारणाने लसीवाचून राहिल्या त्या उघड्याच पडत, कारण भोवतालची मुले रोग आणीतच राहिली. शेवटी १९८८ साली ब्रिटनही सर्व बालकांस लस देऊ लागले.

आपल्या देशात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, आणि पहिल्याच टप्प्यात कर्नाटक व गोवा ही राज्ये होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील सर्व मुलामुलींस ती द्यावयाची होती. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. ठिकठिकाणी अफवा उठल्या आणि काही पालकांनी मुलांस त्या दिवशी शाळेत पाठविले नाही. “माझ्या मुलाला काय गरज?” असे म्हणणारे बापही होते. त्या मुलास स्वतःपुरती फारशी गरज नव्हती, हे खरेच आहे. गरज होती ती कोणत्या तरी बसमध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्या, दोन महिने गेलेल्या एखाद्या अनोळखी बाईस.

आता ही लस बालकांस नियमितपणे, नवव्या ते बाराव्या महिन्यात व पुन्हा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात, सरकारी केंद्रांत मिळते. परंतु २०१७ साली ज्या मुलींनी पंधरावे वर्ष ओलांडले होते त्या मोहिमेत आल्या नाहीत, आणि त्यांपैकी पुष्कळजणींची लग्ने याच काही वर्षांत होत आहेत. गरोदरपणी ही लस देत नाहीत. ती दिवस जाण्याच्या निदान एक महिना आधी घ्यावी लागते. कोणास पूर्वी मिळाली आहे आणि कोणास नाही, हे डॉक्टरांस विचारून ठरविता येते. पत्रिका जुळवून घेण्यासाठी जी मंडळी देवळात येतात, त्यांस वडील आता मुहूर्त सांगून झाल्यावर हेही विचारू लागले आहेत. काही गृहस्थांस पुरोहिताने असे विचारणे चमत्कारिक वाटते. मुलीच्या आयांस मात्र तसे वाटलेले मी अद्याप पाहिले नाही. त्या लसीचे नाव कागदावर लिहून मागतात.